साहेबांचा उत्साह

भनपुरीच्या सप्तधारा इस्पात कंपनीचा शेअर दोनशेवरून चाळीसवर आला, तेव्हा संचालक मंडळाला एकाच गोष्टीची गंभीर चिंता वाटली: व्यवस्थापकीय संचालक अभिनवसाहेबांचा उत्साह. साहेबांच्या पगारात कंपनीचे शेअर दीडशेच्या ठरीव भावानं घ्यायचा हक्क होता. भाव चढला की फरक त्यांचा, म्हणून साहेब झटतील, असा मंडळाचा होरा. आता चाळीसची वस्तू दीडशेला कोण घेणार? सबब हक्काचा भाव दहावर आणावा, असा ठराव वार्षिक सभेपुढे आला.

रेल्वेतून रिटायर झालेल्या नरहरीभाऊंनी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे याच शेअरात घातले होते. निघताना मंदाकिनीबाई म्हणाल्या, "गप बसून येऊ नका. खडसावून विचारा त्यायले, माह्या गुडघ्याचं काय केलं म्हणून!"

"हव, तू पायजोच आज."

तेलीबांध्याच्या हॉटेलात सभा भरली. नरहरीभाऊ उभे राहिले. आवाज खणखणीत.

"काहून जी, भाव पडला तो साहेबाच्याच राज्यात ना? मंग बक्षीस कायचं? अन् त्यायले दहानं देता, तर मलेही द्या!"

कंपनी सचिव राधिका मॅडम अदबीनं म्हणाल्या, "अंकल, आप तो मालिक हैं. मालिक को उत्साह की क्या ज़रूरत? वो तो नौकर को लगता है."

टाळ्या पडल्या. मालक म्हटल्यावर नरहरीभाऊंनाही, खोटं कशाला बोला, जरा बरंच वाटलं. तरी ते हटले नाहीत. "माहा विरोध लिहून घ्या."

"ज़रूर. अभी हाथ उठाकर वोटिंग होगी."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि कचोरीचा वास आला. पाकिटं कमी आहेत, अशी कुजबुज झाली मात्र, सगळे मालक उठले. "इधर, भैया, इधर!" सभागृहभर हात वर झाले. नरहरीभाऊंचे तर दोन्ही, एक घरच्यासाठी.

राधिका मॅडमनी माईक ओढला. "प्रस्ताव सर्वसम्मति से पारित."

घरी मंदाकिनीबाईंनी पाकीट उघडलं. "विरोध केला?"

"कडाडून केला."

"मंग?"

"चटणी गोड आहे. खाऊन पाय."

त्या लंगडत बशी आणायला गेल्या. नरहरीभाऊंना त्यांच्याकडे बघवेना.

हसू नका. तुमच्या बचतीतून ज्या फंडानं हेच शेअर घेतलेत, त्यानंही तुमच्या वतीनं त्या ठरावाला होच म्हटलं. आणि तुम्हाला तर कचोरीही मिळाली नाही.