नानांच्या दोन वाट्या

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं मेडिकल होतं. काउंटरवर दोन स्टीलच्या वाट्या असायच्या. एकीत खारे शेंगदाणे, दुसरीत आवळा सुपारी. सुपारी म्हणजे नावालाच, नुसता मीठ लावून वाळवलेला आवळा. कुठलीही बाई डोकेदुखीची साधी गोळी मागायला आली की नाना आधी दोन्ही वाट्या पुढे सरकवत. शेंगदाणे उचलले तर गोळी मिळायची. आवळा उचलला तर नाना चष्म्यावरून बघत, "डाक्टरले इचारी ये."

त्यामागे इतिहास होता. सुरुवातीला नाना सरळ विचारत, "दिवस गेलेत का?" आमच्याकडे तिसरा महिना लागेपर्यंत बायका ही गोष्ट सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, नजर लागते. नाना मात्र भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर विचारायचे. एकीचा भाऊ चप्पल घेऊन आला, तेव्हा कुठे वाट्या आल्या. बाईला तोंड उघडावं लागत नसे आणि नानांना कळायचं ते कळे. वर्षभरात गल्लीतल्या सगळ्या बायकांना हा कायदा पाठ झाला.

पुरुषांना अर्थातच काही ठाऊक नव्हतं. एकदा गलमिशांचे एक हवालदार सर्दीची गोळी घ्यायला आले आणि गोळी काढेपर्यंत त्यांनी चांगला मूठभर आवळा तोंडात टाकला. नाना गंभीरपणे म्हणाले, "साहेब, डाक्टरले इचारी या. अशा दिवसांत आपल्या मनानं गोळी नको." दुकानातल्या आम्ही तिघी-चौघी पदर तोंडात कोंबून बाहेर पळालो. पलीकडच्या दात पडलेल्या अक्का तर आवळ्यासाठीच रोज यायच्या. नाना त्यांनाही सोडत नसत. "अक्का, तुम्ही बी?"

नाना दुकानाच्या वरच्याच खोलीत एकटे राहत. पुतण्याच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून ते जेवायला न थांबता दुकानात परतले होते. आवळा ते पाव किलो आणत, पण स्वतः कधी तोंडात टाकत नसत.

मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. मला लहानपणापासून फिट यायच्या, त्यामुळे रोज दोन गोळ्या. महिन्याच्या महिन्याला नानांकडून न्यायच्या. लग्नानंतर दोन वर्षांनी मला दिवस राहिले. सासूबाई म्हणाल्या, गोळ्यांनी पोर वेडंवाकडं होतं. मीही घाबरलेच होते. नाना पोटुश्या बाईला गोळी देत नाहीत हे इतकी वर्षं बघत आलेली मी, मला वेगळं कोण काय सांगणार? डॉक्टरांना न विचारताच मी गोळ्या बंद केल्या.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेले आणि कायद्याप्रमाणे आवळा उचलला. गोळ्या सासूबाईंच्या, म्हणून नानांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि पुडी बांधून दिली. माझ्या गोळ्या न्यायची तारीख उलटून गेली, आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढून नाना आमच्या दारात उभे राहिले.

"गोळ्या संपन्यात ना तुन्या? मंग वनी कशी नही?"

गोळ्या न्यायला का आले नाही ते सांगायचं सोडून मी पाट आणायला वळले. सासूबाईच म्हणाल्या, "नाना, पोटुश्या पोरीस्ले तुम्हीच तं परत धाडतस!"

नाना उंबऱ्यावरच बसले. "मी 'गोळी लेऊ नको' कधी म्हनस? मी 'इचारी ये' म्हनस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मन्ही बायकोले बी फिट येत. दिवस ग्यात तवय मीच सांगं, गोळ्या बंद कर. चौथा महिनाम्हा चुल्हापाशी पडनी. दोन्ही ग्यात. मी कोनलेच इचारं नही."

सासूबाई आत गेल्या आणि चप्पल घालून बाहेर आल्या. तिघंही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई मला चांगलंच बोलल्या. एक गोळी त्यांनी बदलली, दुसरी चालू ठेवली, आणि सांगितलं, "धोका अजिबात नाही असं म्हणत नाही. पण मनाने बंद करशील तर त्याहून मोठा धोका आहे, तुलाही आणि बाळालाही. दर महिन्याला दाखवायला यायचं."

तेव्हापासून शाळेत जाताना काउंटरवर माझ्यासाठी पाण्याचा पेला भरलेला असे. सकाळची गोळी नानांच्या डोळ्यांदेखत घ्यायची. रविवारी पेला घेऊन नाना घरी येत. मला राग यायचा, लाजही वाटायची. पण त्या माणसाइतकी माझी काळजी माझ्या वडिलांनीही केली नसेल.

मुलगी झाली. हातीपायी धड, आवाजाने खणखणीत. सव्वा महिन्याने तिला घेऊन दुकानात गेले. नानांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि तिला घेतलं. ती त्यांच्या तोंडावर जांभई देऊन झोपली. नाना तिच्याकडे बघत उभे होते, आणि बघता बघता त्यांचा मोकळा हात वाटीत गेला. आवळ्याचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

मी म्हटलं, "नाना, डाक्टरले इचारं का?"

नाना खूप हसले. मग तुकडा गालात धरून म्हणाले, "मन्ही बायकोले भारी आवडे."

पोर माझ्याकडे परत द्यायला त्यांनी बराच वेळ लावला. मीही मागितली नाही.