अण्णांचे फुगे

कागदांचा गठ्ठा हातात आला की तो टेबलावर उभा धरायचा, दोनदा आपटायचा, कडा सारख्या करायच्या आणि मगच खाली ठेवायचा, ही ताईंची जुनी सवय. कागदात हात घालणाऱ्या कुठल्याही माणसाला ती असते. बँकेत असते, शाळेत असते, कोर्टात असते. त्याने आजवर कोणाचं वाकडं झालं नव्हतं. त्या सकाळी ताईंनी अण्णांच्या पहिल्यावहिल्या कॉमिकची मूळ पानं प्रकाशनाच्या ऑफिसातल्या कपाटातून काढली, उभी धरली, दोनदा आपटली आणि खालून भसाभस संवाद बाहेर पडले.

संवाद म्हणजे फुगे. कॉमिकमधला माणूस ज्या पांढऱ्या गोलात बोलतो, तो फुगा. हल्ली तो कॉम्प्युटरवर काढतात. अण्णांच्या उमेदवारीच्या काळात चित्रकार नुसतं चित्र काढायचा आणि अक्षरवाला वेगळ्या कागदावर संवाद लिहून, गोल कापून, डिंकाने चित्रावर चिकटवायचा. त्या डिंकाने इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केली होती. ताईंच्या दोन आपटण्यांत त्याने राजीनामा दिला.

ताई जागच्या जागी थिजल्या. मांडीवर फुगे, टेबलाखाली फुगे, पंख्याच्या वाऱ्याने दाराकडे निघालेले फुगे. एक त्यांच्या चपलेत येऊन पडला होता. त्यावर लिहिलं होतं, 'आता तुझी सुटका नाही.'

कॉमिक्स लिहिणारे अण्णा म्हणजे काही ऐरीगैरी असामी नव्हती. पाठ्यपुस्तकात अण्णांचं कॉमिक लपवून वाचता वाचता तीन पिढ्या नापास झाल्या होत्या. अशा माणसाच्या सगळ्या कॉमिक्सचं जाडजूड पुस्तक निघत होतं आणि त्याची सुरुवात 'वादळवीर' या त्यांच्या पहिल्या अंकाने होणार होती. तो अंक कोणीच वाचलेला नव्हता, कारण तेव्हा तो इतका आपटला की छापलेल्या सगळ्या प्रती रद्दीत गेल्या. चित्रकार आणि अक्षरवाला दोघंही देवाघरी. उरली होती ही पानं. आणि अण्णा. अण्णांनी संपादकांना फोनवर बजावलं होतं की, 'वादळवीर'चा शब्द न् शब्द त्यांना पाठ आहे, एक काना इकडचा तिकडे झालेला खपवून घेणार नाही.

संपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी ही धमकी वर स्वतःची भर घालून ताईंच्या गळ्यात मारली होती. "तीन वर्षं तुम्ही इथे कच्च्या आहात. हे पुस्तक नीट गेलं की पक्क्या. नाही गेलं तर," असं म्हणून पुढचं वाक्य त्यांनी हाताने पूर्ण केलं होतं. हात दाराकडे होता. ताईंच्या घरी नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, मुलगी कॉलेजात. दाराकडचा तो हात तेव्हापासून त्यांच्या स्वप्नात येत होता.

एवढ्यात माऊस आत आला. हा ऑफिसात कॉम्प्युटरवर पानं लावायचा. अंगाने बारीक, पावलांचा आवाज नाही आणि कुठल्याही फटीतून हजर, म्हणून माऊस.

"काय सांडलं, ताई?"

"अण्णा सांडले."

माऊसने खाली पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चालण्याचा आवाज झाला, कारण तो मटकन खाली बसला. मग जरा भानावर येऊन म्हणाला की, साहेबांना खरं काय ते सांगून टाकावं. ताईंनी त्याला फक्त प्रूफवाल्याची आठवण करून दिली. मागच्याच महिन्यात साहेबांनी त्याला एका अनुस्वारासाठी घरी बसवलं होतं. माऊसने उठून दाराला कडी लावली.

प्रकरण वरवर दिसत होतं तितकं अवघड नव्हतं. जास्त अवघड होतं. फुग्यांची बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेली शेपटं चित्रकाराने शाईने थेट चित्रावर काढलेली होती, त्यामुळे कोण बोलतंय ते दिसत होतं. काय बोलतंय ते जमिनीवर होतं. फुग्यांच्या आकारावरून काही कळेल म्हणावं, तर अक्षरवाल्याने बहुतेक एकच वाटी उपडी ठेवून सगळे गोल आखले होते.

भाषेची मात्र एक सोय असते. 'मी आलो' म्हणणारा बाप्या आणि 'मी आले' म्हणणारी बाई, हे न सांगता कळतं. त्या हिशेबाने थोडे फुगे पटकन मार्गी लागले. पण अण्णांची पात्रं 'मी आलो' वगैरे फार कमी बोलत. ती 'वाचवा' म्हणत, 'थांब नराधमा' म्हणत, 'दया करा' म्हणत, आणि ही वाक्यं कोणालाही शोभतात.

"ताई, चेहरे बघा. चेहऱ्यावर असेल तेच माणूस बोलणार ना?" माऊस म्हणाला.

कल्पना चांगली होती. घोळ एवढाच की, चित्रकाराला हसण्यात आणि रडण्यात फारसा फरक करता येत नसे. गोष्टीतला खलनायक डॉक्टर भुंगा डोळे मिटून, तोंड वासून, छातीवर हात मारत उभा होता. अण्णांच्या मनात तो राक्षसी हसत असणार. माऊसला तो धाय मोकलून रडताना दिसला. त्याला 'वाचवा, मला कोणीतरी वाचवा' मिळालं. समोर खुर्चीला बांधलेली वार्ताहर मुलगी डोळे फाडून ओरडत होती. ती घाबरलेली की भडकलेली, यावर दोघांची थोडी हुज्जत झाली. पण भुंगा रडतोय म्हटल्यावर त्याला कोणीतरी रडवायला नको का? तिला 'थांब नराधमा, तुझी घटका भरली' मिळालं.

एक थाप मारली की पुढच्या दहा माराव्या लागतात. दुसऱ्या पानावर भुंगा तिच्यापुढे गयावया करू लागला. चौथ्या पानावर नायक वादळवीर खिडकीची काच फोडून आत आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, 'माझ्या काळजात धडधडतंय.' त्यावर बांधलेली मुलगी म्हणाली, 'मागे हो, याला मी बघते.' शेवटच्या पानापर्यंत ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही आणि दोन्ही पुरुष तिच्या पायाशी होते.

शेवटी एकच फुगा उरला. त्यावर होतं, 'आता मी गप्प बसणार नाही.' तोंडं सगळी भरली होती; याचं शेपूट काढायलाच चित्रकार विसरला असावा. माऊसने भिंगातून पानं तपासली आणि एका कोपऱ्यात त्याला रिकामं शेपूट सापडलं. दोघांनी सुटकेचा श्वास टाकून फुगा तिथे चिकटवला. पान वाळल्यावर ताईंच्या लक्षात आलं की, ते शेपूट फुग्याचं नव्हतं. वादळवीराच्या घोड्याचं होतं. फुगा काढायला गेलं तर आता घोडाच फाटत होता. नवा डिंक चांगला निघाला होता.

साहेबांनी छपाईची पानं चाळली, वास घेतला, छान म्हणाले. चित्रं असलेली गोष्ट ते वाचत नसत. ताईंना वाटलं, सुटले. तेवढ्यात अण्णांचा निरोप आला. छापायला जाण्यापूर्वी त्यांना आपलं पहिलं काम एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. ते निघालेच होते.

अण्णा आले, साहेबांच्या खोलीत बसले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. साहेबांनी ताईंना आणि माऊसला मुद्दाम समोर उभं केलं, म्हणजे चूक निघालीच तर शोधत फिरायला नको. अण्णांनी पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर त्यांच्या भुवया वर गेल्या. चौथ्या पानावर तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. घोड्यापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पाणी मागितलं. माऊस पाणी आणायला म्हणून जो गेला तो आलाच नाही.

"हे मी लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"तुम्हीच, अण्णा. काही चुकलंय का?" साहेबांनी अण्णांना विचारलं आणि पाहिलं ताईंकडे. मग दाराकडे. ताईंनी मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा करायला घेतला.

अण्णांनी पुन्हा पानात डोकं घातलं. मग ते हळूच खुर्चीत मागे टेकले, आणि बघता बघता त्यांची मान ताठ झाली.

"चुकलंय कसं म्हणता? बाईला खुर्चीला बांधायचं आणि तरी सगळी सत्ता तिच्या हातात ठेवायची. त्या काळात हे लिहायला छाती लागायची, साहेब."

अण्णांना आता गती आली. टीकाकार जन्मभर म्हणत आले की अण्णांच्या बायका नुसत्या किंचाळतात. त्यांना हा अंक घरपोच पाठवा, असा त्यांनी हुकूम सोडला. डॉक्टर भुंगा का रडतो, यावर ते इतकं बोलले की ऐकता ऐकता ताईंनाच त्याची कीव आली.

"आणि घोडा?" साहेबांनी भीत भीत विचारलं.

"घोडा म्हणजे सामान्य माणूस."

"पण तो जरा मागून बोलतोय."

"सामान्य माणसाला पुढून बोलू देतात का कुठे?"

साहेबांनी हे वाक्य लगेच उतरवून घेतलं आणि प्रस्तावनेत घालायला म्हणून ते छापखान्याला फोन करायला बाहेर धावले. खोलीत अण्णा आणि ताई दोघंच राहिले. अण्णांनी दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"घोड्याचं कुणाला सुचलं?"

ताईंनी आपटण्यापासून घोड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. माऊसचं नाव तेवढं त्यांनी गाळलं, कारण त्यालाही घर होतं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"मला शब्द न् शब्द पाठ आहे असं ऐकलं होतंत ना? तरी चिकटवलेत?"

"नोकरी आहे, अण्णा."

"पाठ कसलं डोंबलाचं. एक ओळ आठवत नव्हती. एवढंच आठवतं की ती पोरगी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'वाचवा' म्हणते, आणि कुणी विकत घेत नाही."

तेवढ्यात साहेब परत आले. अण्णा एकदम कडक आवाजात म्हणाले की, या बाईंना उद्यापासून या पुस्तकाच्या कामावर बसवायचं नाही. साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांचा हात आपोआप दाराकडे गेला. ताईंनी पर्स उचलली.

"माझ्या नव्या गोष्टीवर बसवा. आणि पक्क्या करा. कच्च्या माणसाला मी माझं काम देत नसतो," अण्णा म्हणाले.

साहेबांचा हात दाराकडे गेलेला तसाच हवेत राहिला. मग त्याच हाताने त्यांनी ताईंना बसायला खुर्ची पुढे केली. नेमणुकीचं पत्र टाइप करायला साहेब स्वतः गेले.

ते गेल्याची खात्री करून अण्णांनी खिशातून एक फुगलेलं पाकीट काढलं आणि ताईंपुढे सरकवलं. आत कापलेल्या चिठ्ठ्या होत्या, एकेक वाक्याच्या. कोण बोलतंय ते एकीवरही नव्हतं.

"वर्षभर अडकलोय. सगळे आपापलंच बोलतात, त्यात काही गंमत उरली नाही. हे तुमच्या हातून जरा पाडून बघा. कोण काय म्हणतं ते तुम्ही ठरवा. कुठे बोलायचं नाही, म्हणजे झालं."

ताईंनी पाकीट उघडलं, दोनचार चिठ्ठ्या वाचल्या. अण्णा आल्यापासून त्यांना इतके धक्के बसले होते की आता भीती म्हणून शिल्लक नव्हती. नोकरी तर पक्की झालेली.

"करते की. मग वर लेखक म्हणून नाव कुणाचं घालायचं, अण्णा?"

अण्णांनी तोंड उघडलं. पण त्या चौकटीत फुगाच नव्हता.