कोणी नेलं ते विचारायचं नाही

या, असे जवळ सरकून बसा. आमच्या बेटावरच्या शाळेतल्या एका अस्वलाची गोष्ट सांगतो. अस्वल कापसाचं, एका कानाला शिवण घातलेलं. पण त्याने बोडिलबाईंसारख्या देवभोळ्या बाईला आठवडाभर फौजदार करून सोडलं.

दुसरीच्या वर्गात ते खिडकीपाशी बसायचं. ज्याचं मन दुखलं असेल त्याने ते घरी न्यावं, बरं वाटलं की परत ठेवावं. कोणी नेलं आणि का नेलं, हे कुणी विचारायचं नाही. नियम वर्गशिक्षिका बोडिलबाईंचाच. मंगळवारी सकाळी अस्वल जागेवर नव्हतं, आणि बाईंना काही विचारता येईना.

"नेलं असेल कुणीतरी," शेजारच्या वर्गाचा मास्तर प्रेबेन म्हणाला. "त्यासाठीच ठेवलंयस ना?"

"अरे, पण शुक्रवारी टिल्डेला लागतं ते."

टिल्डेचे आईवडील वेगळे झाले होते. दर शुक्रवारी ती एका घरून दुसऱ्या घरी जायची, आणि अस्वल काखोटीला असल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

"मग विचार की पोरांना."

"नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच."

"मग भोग आता," म्हणत प्रेबेनने कॉफी ओतून घेतली.

विचारायची सोय नाही म्हटल्यावर बाई नजर ठेवू लागल्या. जो हसला तो लपवतोय, जो गप्प बसला तो तर नक्कीच. बुधवारी त्या कपाटामागे वाकल्या, गुरुवारी पोहण्याच्या पिशव्या चाचपत हिंडल्या. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी सूर लावला की ज्यांचे डोळे भरून येत, त्या बाईंना आता ओल्या टॉवेलातही अस्वलाचा पाय लागत होता.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी वर्गाचा तास. एकाने घरून केक आणायचा, सगळ्यांनी गोल बसून खायचा आणि मनात सलत असेल ते बोलायचं. पाळी माल्थेची होती. तो भलामोठा खोका छातीशी धरून आला आणि त्याने तो बुटांच्या फळीवर जपून ठेवला.

'एवढा मोठा केक?' बाईंच्या मनात आलं.

पोरं मैदानात गेल्यावर त्यांनी हळूच झाकण उचललं, आत नाक खुपसलं.

"बोडिल, तू माझा केक का हुंगतेस?"

मागे माल्थे उभा; आमच्याकडे पोरं बाईंना नावानेच हाक मारतात. बाई दचकल्या, खोका कलला आणि साय लावलेला तीन थरांचा केक रबरी बुटांच्या रांगेवर उपडा झाला.

तास भरला, पण बशा रिकाम्या. पोरांनी रीतीप्रमाणे बाईंनाच मधे बसवलं.

"बोडिल, तुला काय सलतंय?"

"मला वाटलं, माल्थेने अस्वल..." बाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"पण ते विचारायचं नसतं," माल्थे म्हणाला. त्याच्या हातातल्या बुटातून साय गळत होती.

"मी विचारलं नाही रे. नुसता संशय घेतला."

"ते जास्त वाईट आहे," तो म्हणाला, आणि सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

शाळा सुटली. आठवडाभर कोरडं राहिलेलं आभाळ तेव्हाच गळू लागलं. सायकलींच्या छपराखाली टिल्डे वडिलांची वाट बघत रिकाम्या हातांनी उभी होती. बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी रेनकोट काढायला सायकलची मागची पिशवी उघडली, तर आतून शिवण घातलेला कान वर आला.

"तू अजून बाहेरच नाही काढलंस त्याला?" टिल्डे म्हणाली. "सोमवारी तू इथेच रडत होतीस. म्हणून ठेवलं."

बाईंचा म्हातारा कुत्रा लुडवी रविवारी गेला होता. शाळेत त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

"अगं, पण आज तुला लागणार होतं ना?"

"हो. पण तुला बरं वाटलं की तूच परत ठेवणार होतीस ना." तिने अस्वल हातात घेतलं, त्याचा कान सारखा केला, थोडा विचार केला. "आज ते माल्थेला पाहिजे पण."

टिल्डेचे वडील आले. माल्थेचं घर त्यांच्या वाटेवरच होतं, बाईही बरोबर निघाल्या. अस्वल उंबऱ्यावर टेकवून, घंटी वाजवून तिघंही कुंपणाआड दडली. वडिलांना काही कळलं नव्हतं, पण तेही दडले.

दार उघडलं. माल्थेच्या आईने अस्वल उचललं, उलटसुलट केलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांना संशयाने पाहिलं.

"माल्थे, हे इथे कोणी आणून टाकलं?"

"आई," आतून आवाज आला, "ते विचारायचं नसतं."

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लुडवीची आठवण काढा. कोणाचा कोण, ते मात्र विचारू नका.