बाबल पायलट आणि सहा कप

बाबल पायलट मोटरसायकलचं ट्यूनिंग कपांवर करतो. मीटरवर नाही, कानावर नाही, चहाच्या कपांवर. पेडण्याच्या त्याच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बाहेर एक मोठा चिरा पुरलेला आहे. त्यावर गाडी उभी करायची, स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि खिडकीतून आत ओरडायचं, "मास्तरांनू, कप काय म्हणतत?"

आत मी. फळीखालच्या खिळ्यांना टांगलेल्या सहा कपांसमोर हात मागे बांधून उभा. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर शेजारी माणसाला अशा पदावर नेमतात.

"गप्प आहेत!"

"मगे जमणा नाय." की परत स्क्रू.

आमच्याकडे मोटरसायकलवर मागे बसवून भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. बाबलने तीस वर्षं पिवळ्या मडगार्डाची गाडी केरीपासून म्हापशापर्यंत चालवली, पण काटा कधी चाळिसाच्या वर नेला नाही. मागे बसलेला "बाबल, बस चुकतली रे!" म्हणून रडकुंडीला आला तरी उत्तर ठरलेलं : "घाई कोणाक आसा? गाडयेक नाय." एका नवरदेवाला त्याने मुहूर्त टळायला दोन मिनिटं उरली असताना मांडवात उतरवलं. तो नवरदेव अजून म्हणतो, आणखी तीन मिनिटं लावायला हवी होतीस.

म्हणूनच, धंदा सोडून घरी बसल्यावर हा माणूस साडेतीनशे सीसीच्या गाडीची पाचशे करायला निघाला तेव्हा बाजार चक्रावला. सहा महिने कप हलले नाहीत, म्हणून इंजिनच मोठं! डिचोलीला खाणीच्या ट्रकांची कामं करणारा एक लेथवाला आहे, त्याच्याकडून इंजिनचं तोंड रुंद करून आणलं. आमटीच्या वाटीएवढा पिस्टन आणला. नाक्यावरच्या पोरांना वाटलं, आता धमाल. "सायलेन्सर काढ बाबलकाका, गाव हादरतलो!"

"आवाज नको," बाबल म्हणाला. "ठोको होयो."

दोहोंत फरक काय, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला सगळं कळतं असा माझा तेव्हा समज होता.

त्याची बायको सुमनवैनी मात्र माझ्यावर चिडलेली होती. वर्षभर मी दारातून "काय वैनी, बरं ना?" म्हणायचो आणि ती खाली मान घालून नारळ खवत राहायची. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की पाव घ्यायलाही बाबलच फाटकावर. "भलतीच शिष्ट झालीय," मी घरी सांगितलं.

"परका पुरुष रोज स्वयंपाकघरात कप बघत उभा राहिल्यावर काय ओवाळेल तुम्हांला?" आमच्या हिने विचारलं.

तर पिस्टन बसवायचा दिवस. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते आणि ती सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं एकेक कडं अडकवतात. त्याला म्हणायचं लॉक. "एक जरी ऱ्हवलो," बाबलने बजावलं होतं, "तर पिन भायर येता आणि सिलिंडर उभो चिरता." एक लॉक त्याने लावला. तेवढ्यात फाटकावर कोणीतरी हाक मारली. "दुसरो तुमी लावा," म्हणून तो गेला.

मी पक्कड घेतली. टुण्णकन आवाज झाला आणि लॉक या जगातून नाहीसा झाला. इंजिनच्या तोंडावर फडकं होतं, म्हणजे आत गेला नव्हता. मी गुडघ्यांवर रांगत जमीन चाचपली. बाबल परत आला.

"लावलात?"

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. वर मनात हिशेबही केला : दोनांपैकी एक आहे, म्हणजे पन्नास टक्के. मी तर पस्तिसाला पास करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिने माझी विजार धुवायला घेतली आणि दुमडीतून काहीतरी काढून माझ्यासमोर धरलं. "हे कोणाच्या कानातलं?"

तो लॉक होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे खरंच कोणाचं तरी कानातलं असतं तर बरं झालं असतं. कारण आज सकाळी बाबल पहिली किक मारणार होता.

मी लुंगीवर धावलो. बाबल चिऱ्यावर गाडी लावून, किकवर पाय ठेवून उभा. सांगत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी प्लगची टोपी ओढून काढली. त्याच क्षणी त्याने किक मारली. गाडी सुरू झाली नाही. मी झालो. खांद्यापर्यंत झिणझिण्या, लुंगी एका हातात, दुसऱ्या तळहातावर ते कडं.

बाबलने कडं पाहिलं. मला पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं, पन्नास टक्क्यांसकट. तो शिव्या देईल म्हणून मी थांबलो. त्याने पाना उचलला.

"वेळार सांगलात. घाई कोणाक आसा?"

इंजिन परत खोलायला तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी, वातावरण निवळलंय असं बघून मी विचारलंच, "बाबलभाऊ, चाळिसाच्या वर तुम्ही जाणार नाही. मग पाचशे कशाला?"

तो बोल्ट सोडवत राहिला. "तीस वर्सां मी वळणार आयलंय की आवाज आयकून ती चाय ठेवी. मी पायरेर, चाय उकळलेली. गेल्या वर्सा मी आयलंय, दारात उबो ऱ्हवलंय. ती वळली आणि दचकली." पाना थांबला. "माज्याच घरात, मास्तरांनू. माका बघून."

"कानाचं मशीन?"

"घातल्यान दोन दिस. म्हणता, भांडी डोक्यात पडतत. पेटयेत ठेवल्यान." मग म्हणाला, "कानाक नाय तर नाय. जमनीतून तरी कळात."

वर्षभर मी जिला शिष्ट म्हणत होतो तिच्या खिडकीकडे मला बघवेना. दुसरा लॉक बाबलने लावला. मी बॅटरीचा उजेड धरला आणि दोन्ही लॉक दोनदा मोजून घेतले.

तिसऱ्या दिवशी तो फाटकातून गाडी घेऊन गेला, आणि मी नेहमीच्या जागी. वैनी माझ्याकडे पाठ करून खाली बसून नारळ खवत होती. बऱ्याच वेळाने वळणावर ठोका ऐकू आला. जड, संथ, एकेक मोजून घ्यावा असा. फाटकातून आत आला. चिऱ्यावर चढला. पहिला कप शेजारच्याला हळूच लागला, मग सहाही थरथरू लागले.

वैनीचा हात नारळावर थांबला. तिने तळवा जमिनीला लावला.

"आयले," ती स्वतःशी म्हणाली. उठली, चुलीवर पाणी ठेवलं, कपांसाठी वळली आणि मला बघून केवढी तरी दचकली.

"मास्तर! तुमी कधी आयलात?"

बाहेरून हाक आली, "मास्तरांनू, कप काय म्हणतत?"

वैनी एकेक कप खिळ्यावरून काढत होती. तिसरा काढताना तिने माझ्याकडे बघून बोटांनी विचारलं, साखर किती?

"उतरले!" मी खिडकीतून ओरडलो. "तीन उतरले, बाबलभाऊ!"

त्याने गाडी लगेच बंद केली नाही.