मेडिकल लीव्हवरची डिस्क

टिपणीसकाकांसमोर 'हार्ड डिस्क मेली' असं म्हणायचं नाही. म्हटलंत, तर चपला घालून आल्या जिन्याने परत जायचं. "मेली नाही, मेडिकल लीव्हवर आहे," असं बजावून ते ती डिस्क दोन्ही हातांत धरून आत नेतात आणि टेबलावर घडी घातलेल्या पंच्यावर निजवतात.

केंद्र सरकारच्या कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून हयात काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यापासून करोल बागेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावर लोकांच्या बिघडलेल्या डिस्कमधून फोटो, प्रबंध, लग्नाचे व्हिडिओ बाहेर काढून देतो. सगळं स्वतःच शिकला. काम चालू असताना घरात मिक्सर बंद, पंखा बंद, शिंक बंद. शिंक आली म्हणून त्यांनी एका सीए साहेबांना गॅलरीत उभं केलं होतं. दिल्लीच्या जून महिन्यात.

मी हुकूमशाहीविरुद्ध पत्रकं काढणारी मुलगी. मला हा माणूस पाहताक्षणीच आवडला नाही.

पण गरज माझी होती. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीने घरकाम करणाऱ्या बायकांना लिफ्टबंदी केली होती. लेखी काही नाही. गार्डने अडवायचं आणि मागच्या जिन्याने पाठवायचं. कुत्री लिफ्टने, कुरियर लिफ्टने, माणसं जिन्याने! मी त्या बायकांचे व्हिडिओ काढले. रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा होती आणि अध्यक्ष आधीच सांगत फिरत होते, "ऐसा कोई रूल है ही नहीं, बेटा. सबूत दिखाओ." सबूत डिस्कवर होता. फोन भरला म्हणून फोनमधले व्हिडिओ मी पुसून टाकले होते. आणि शुक्रवारी सकाळी डिस्क लावली तर आतून आवाज: टक्. टक्. टक्.

आईच्या ओळखीने काकांकडे पोचले. धापा टाकत मी म्हणाले, "काका, तीन मजले! लिफ्ट नाही तुमच्याकडे?"

"आमच्याकडे ती सगळ्यांनाच नाही," काका म्हणाले. "समता."

डिस्क हातात घेताच त्यांचा चेहरा बदलला. "ही गार का लागतेय?"

"नेटवर वाचलं होतं. थोडा वेळ फ्रीजमध्ये..."

"फ्रीजमध्ये? ती काय श्रीखंड आहे?"

मग त्यांनी डिस्कला बराच वेळ नुसतं पडू दिलं. "आधी अंगावरचं दव जाऊ दे बिचारीच्या." तेवढ्यात मला चहा मिळाला. मग त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विचारलं, "बोल. पहिलं काय?"

"पहिलं काय म्हणजे? सगळं!"

"सगळं म्हणजे काही नाही. ही कधीही लांब रजेवर जाईल. जाण्याआधी कुठली फाइल पुट अप करायची ते सांग."

डिस्कवर प्रत्येक बाईचा वेगळा फोल्डर होता. शिवाय माझी इतक्या वर्षांची पत्रकं, मोर्च्यांचे फोटो, भाषणं. मी उसळलेच. "एकीला आधी आणि दुसरीला नंतर, हे ठरवणारे आपण कोण? रांग लावणं हाच तर मूळ अन्याय आहे, काका! लिफ्टमध्ये तरी दुसरं काय चाललंय?"

"बिल्कुल," काका म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

मी विषमतेवर बोलले. व्यवस्थेवर बोलले. काकांनी बिस्किट चहात बुडवलं. उत्तर मिळेपर्यंत हा माणूस वायर लावणार नाही, हे शेवटी माझ्या लक्षात आलं. अशा माणसासमोर घोषणा चालत नाहीत. सरकारनेच त्याला घडवलेला असतो.

"शकुंतला," मी म्हणाले.

"का?"

"तिचे गुडघे गेलेत. आणि तिच्या व्हिडिओत गार्डचा आवाज आहे."

"अच्छा. हे बरोबर टिपण झालं."

आणि त्यांनी वायर लावली. पुढे काय चाललं होतं ते मला त्यांनी त्यांच्याच भाषेत समजावलं. डिस्कचे काही भाग म्हणे आडमुठ्या कारकुनांसारखे फाइल दाबून बसतात. "त्यांच्याशी भांडायचं नाही, पत्रकबाई. पुढच्या टेबलावर जायचं, मिळेल ते घ्यायचं. मग शेवटी परत येऊन गोड बोलायचं." माझं नाव तेव्हापासून पत्रकबाई पडलं ते पडलंच. पडद्यावर काय निघतंय ते मात्र त्यांनी पाहिलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. लोकांचं खाजगी असतं, म्हणाले.

दुपार सरता सरता शकुंतला बाहेर आली. हातात बादली, समोर गार्ड. "पीछे से जाओ." आणि तिचा खणखणीत आवाज: "साहब का कुत्ता जाएगा लिफ्ट में, मैं नहीं?"

मी टाळी वाजवली. काकांनी डोळे वटारले. टाळीही बंद होती.

आणखी काही बायका आल्या. मग डिस्कने एक लांब कण्हल्यासारखा आवाज केला आणि ती थांबली. माझी सगळी पत्रकं आतच राहिली. मला रडू यायचं बाकी होतं.

"पुन्हा लिहिशील," काका म्हणाले. "राग शिल्लक आहे ना? मग झालं."

रविवारी सभेत शकुंतलाचा तो एक व्हिडिओ लावला. अध्यक्षांनी पाणी मागवलं. सोमवारपासून ती समोरच्या लिफ्टने वर जाते, आणि गार्डला मुद्दाम नमस्ते करते.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले. दार उघडंच होतं. काका टेबलाशी बसले होते आणि पंच्यावर दुसरीच एक डिस्क होती. जुनी, कोपऱ्यात चेपलेली.

"ही कोणाची?"

"माझी." त्यांनी पंच्याची घडी सारखी केली. मग म्हणाले, "तुझी काकू मोबाईलवर काहीबाही शूट करायची. मंडईतली घासाघीस, माझं घोरणं, असलं काहीतरी. म्हणायची, बघा हो एकदा. मी म्हणायचो, सावकाश बघू. ती गेली, तेव्हा बघायला बसलो, आणि हिने टकटक सुरू केली."

"मग?"

"मग काय! सरकारी माणूस. घाबरलो, पण शिस्त सोडली नाही. ए, बी, सी, ओळीने घेत गेलो. अकाउंट्स आलं. इन्कम टॅक्स आलं. पेन्शनचा कागदन् कागद आला."

"आणि काकूंचं?"

"तिने फोल्डरला नाव दिलं होतं 'झेड गंमत'. मुद्दाम झेड. तुमच्या कामाच्या मध्ये नको यायला, म्हणाली होती."

मला संताप आला. नेहमीसारखाच, कानशिलं तापवणारा. पण पत्रक कोणाविरुद्ध काढायचं ते आयुष्यात पहिल्यांदा कळेना. मी पेढ्यांचा पुडा नुसताच हातात धरून उभी राहिले.

काकांनी पंखा बंद केला. वायर लावली आणि डिस्कजवळ कान नेला. खालून करोल बागेचे हॉर्न ऐकू येत होते, आणि त्यांच्याही अलीकडे, पंच्यावर, टक्. टक्. टक्.

त्यांनी हलकेच वायर काढून घेतली.

"हजर आहे," ते म्हणाले. "नुसती बोलत नाही."