सबनीसकाकांचं बर्लिन

जर्मन सिनेमात कोसळलेली इमारत दिसली की आमचे सबनीसकाका स्टीलची पट्टी घेऊन टीव्हीपाशी जातात. "ही भिंत लोड घेत नाहीये! अहो, त्या हीरोला कुणीतरी बाजूला करा!"

काका स्ट्रक्चरल इंजिनियर. कुटुंब पुण्यात, स्वतः दुबईजवळच्या अजमानला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे. वेड एकच: दुसरं महायुद्ध हरल्यावर जर्मनांनी आपल्याच ढिगाऱ्यांत कॅमेरा लावून काढलेले सिनेमे. रविवारी दुपारी काका पडदे ओढायचे, एसी गुणगुणायला लागायचा, बाहेरचं पांढरं ऊन विझायचं आणि खोलीभर बर्लिनची राखाडी धूळ तरंगायची. आपण सगळे पाण्याखाली बसलोय असं मला वाटायचं.

सबटायटल्स काकांना चालत नसत. जर्मन शिकलेले असल्यामुळे सगळ्यांचे संवाद तेच म्हणत. विटा हातोहात पुढे देणाऱ्या बायका त्यांच्या तोंडून बोलायच्या, "वहिनी, जपून हं, कोपरा तुटलाय."

"जर्मन बायका एकमेकींना वहिनी म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"सभ्य लोक आहेत. यल्ला, चला, पुढे बघा."

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी पडद्यावर एक गुबगुबीत साहेब युद्धातून परतलेल्या माणसाला काहीतरी म्हणाला. काकांनी तो संवाद म्हटला नाही.

"आजोबा, व्हॉट डिड ही से?" माझ्या मुलीनं, सईनं विचारलं.

"म्हणाला, मला काही ठाऊक नव्हतं." काकांनी सिनेमा थांबवला. "मला मात्र ठाऊक होतं."

मग पडद्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. शारजाच्या एका साइटवर जिन्याचं माप चुकलं, काँक्रीट ओतून झालेला जिना फोडावा लागला. चूक काकांची होती. आळ आला त्यांचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनवर, जोसेफवर. त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला, तो केरळला परतला. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं, तिथे काका वहीत बघत बसले होते. याला पंधरा वर्षं झाली.

"सो कॉल हिम," सई म्हणाली. दहा वर्षांच्या मुलीला ते सोपं वाटलं.

नंबर काकांकडे होताच. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"जोसेफ, सबनीस बोल रहा हूँ. वो सीढ़ी... गलती मेरी थी."

पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवला.

"मालूम था, साब," जोसेफ म्हणाला. "पंधरा साल लगा आपको?" मग जरा थांबून, "खाना खाया?"

"अभी नहीं."

"खा लो पहले. शाम को फिर फोन करना. मेरी बीवी घर पे रहेगी. उसको भी यही बोलना."

काका "हो" म्हणाले. मराठीतच.