हणमंतरावांचे नवे ब्रेक

मुरुडचे रिटायर्ड मुख्याध्यापक हणमंतराव यांनी लातुरातून गिअरची डोंगरी सायकल आणली, तीही दुकानातली सगळ्यात स्वस्त, आणि नेमके त्याच आठवड्यात नांदेडचे जावई दयानंदराव मुक्कामाला आले. त्यांची स्वतःची सायकल भारीची, गाडीच्या टपावर बांधून आणलेली. त्यांनी सासऱ्यांच्या सायकलीभोवती एक फेरी मारली.

"मामा, घ्यायची तर एकदाच चांगली घ्यायची. हे डबडं किती दिवस टिकणार?"

"सांगाडा मजबूत हाय. बाकीचं सामान एकेक करून बदलता येतंय."

'डबडं' हा शब्द हणमंतरावांना फार लागला. जावयाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्यांनी पैज लावली. रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर चढायचं आणि उतरून पायथ्याच्या चहाच्या हॉटेलापर्यंत यायचं. सासरे मागं पडले तर सायकल विकायची आणि वयाला शोभेल असं रोज पायी फिरायचं.

हणमंतरावांना उताराची भीती वाटायची, पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी गुपचूप लातूर गाठून पहिलं सामान बदललं ते ब्रेकचं. आता दोन्ही चाकांच्या मध्यावर चकचकीत चकत्या होत्या. ब्रेक दाबला की त्या घट्ट पकडल्या जात.

घरात नवं सामान यावं आणि त्याची पूजा होऊ नये, हे हणमंतरावांच्या पत्नी गुणाबाईंना कधीच चाललं नसतं. रविवारी सकाळी त्यांनी नारळ फोडला. सगळ्यात नव्या चकत्या, म्हणून मान त्यांचा. गुळगुळीत लोखंडावर कुंकू टिकेना, तेव्हा त्यांनी दोन्ही चकत्यांवरून गोडेतेलाचं बोट फिरवलं आणि मग हळदकुंकू वाहिलं.

घरापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत सगळा चढच, त्यामुळे ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही. हणमंतराव धापा टाकत वर पोचले, तोवर जावई फोटो काढून, पाणी पिऊन उतरायलाही लागले होते. हणमंतरावांनी मनाचा हिय्या केला, ब्रेकवर बोटं ठेवली आणि निघाले.

पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही दाबले, तशी सायकल जास्तच खुशीत आली.

"सरका, दयानंदराव, सरका," ते ओरडले. जावई सरकले. हॉटेल आलं आणि गेलं. बाकड्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सायकल समोरच्या नांगरलेल्या रानात घुसली आणि दहाबारा ढेकळं फोडून थांबली. आपण अजून सीटवरच आहोत, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य हणमंतरावांनाच वाटलं.

मागून जावई आले. "हरलो, मामा. एकदाबी ब्रेक लावला न्हाई तुम्ही."

हणमंतरावांनी मान ताठ केली. "भारीच्या सायकलीला लागतेत ब्रेक. आम्हाला न्हाई लागत."

जावई म्हणाले, चला, सोबतच घरी जाऊ. हणमंतरावांनी त्यांना पुढं पाठवलं. ते दिसेनासे झाल्यावर घराकडच्या उताराला नमस्कार केला, हँडल घट्ट धरलं आणि सायकल हातात घेऊन चालू लागले. वाटेत शेजारचे अर्जुनराव भेटले.

"सर, पैज जिंकली म्हणं. मग पायी का?"

"जिंकली म्हणून तर," हणमंतराव न थांबता म्हणाले. "हरलो असतो तर पायी चालावंच लागलं असतं. आता माझी मर्जी हाय."